अकराव्या मजल्यावरची गुबगुबीत पाटी

नर्सरीची ॲडमिशन आमच्याकडे मिळत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आमच्या दाराशी पोचलेली माणसं नंतर काही ऐकून घेत नाहीत. कडेवर मूल, मुलाच्या तोंडात अंगठा, हातात आधार कार्डाची झेरॉक्स आणि चेहऱ्यावर "एखादी सीट असेलच ना हो?" अशी केविलवाणी आशा. आमच्याकडे सीट एकच आहे, सोफ्यावरची, टीव्हीसमोरची. तिथे बाबा बसतात आणि ती ते कोणाला देत नाहीत.

हे सगळं गंधालीमुळे झालं, असं आमच्या घरात सर्वानुमते ठरलेलं आहे. गंधाली म्हणजे मी. गंधाली हर्षद धुरी, नववी ब. माझं म्हणणं असं की हे एका फॉन्टमुळे झालं. पण फॉन्टला ओरडता येत नाही, म्हणून मला ओरडतात.

मुळात प्रश्न आजीच्या डोळ्यांचा होता. डॉक्टर म्हणाले, पडद्याच्या मधोमध डाग पडलाय. वाढू नये म्हणून इंजेक्शनं देऊ, पण गेलेली नजर परत येणार नाही. हे त्यांनी इतक्या हसतमुखाने सांगितलं की आईने त्यांना थँक्यू म्हटलं आणि मग खाली रिक्षात बसल्यावर रडली.

तरी आमची जुनी बिल्डिंग असती तर आजीने डोळे मिटूनही घर शोधलं असतं. तिथे प्रत्येक दाराचा स्वभाव वेगळा होता. एकाला हिरवा ऑइलपेंट, एकाला गेल्या दिवाळीचं तोरण, एकाच्या बाहेर कायम चपलांचा ढीग. ती बिल्डिंग पाडली आणि मुलुंडमध्ये सगळीकडे उगवतात तसा तिच्या जागी टॉवर उगवला. आता आम्ही अकराव्या मजल्यावर. खालचे दहा मजले आणि वरचे सगळे मजले एकाच साच्यातून काढल्यासारखे: पांढरी लादी, चॉकलेटी दारं, आणि दारावर बिल्डरने फुकट दिलेली चंदेरी पाटी. तिच्यावर बारीक, तिरकी, इंग्रजी अक्षरं. डासाचे पाय चिकटवल्यासारखी. आम्हालाच ती वाचायला मोबाइलचा टॉर्च लागायचा.

आजी रोज पाच वाजता लुगडं नीट करून खाली पोडियमवर जायची. पोडियम म्हणजे गाड्यांच्या डोक्यावरची बाग. तिथल्या बाकावर जुन्या बिल्डिंगमधल्या जयंतीबाई यायच्या. दोघी सात वाजेपर्यंत संपूर्ण मुलुंडचा निकाल लावायच्या आणि मग आजी लिफ्टने वर यायची.

एक दिवस ती आलीच नाही. सापडली नवव्या मजल्यावर. तिथले नवरा-बायको नवे, घरूनच काम करणारे. नवरा मीटिंगमध्ये होता आणि त्याच्या मागे स्वयंपाकघरात आमची आजी ओट्याशी बसून त्यांची गवार मोडत होती. मीटिंगमधल्या कोणीतरी विचारलं म्हणे, "युवर मदर?" तेव्हा त्याला कळलं. आजी निघताना त्यांना सांगून आली, "गवार जून हा. भाजीवाल्याक परत दी."

दुसऱ्या वेळी सातवा मजला. तिथे तिने चालू टीव्ही बंद केला आणि सोफ्यावरच्या मुलाला अभ्यासाला बसवलं. तो बसलाही! त्याची आई नंतर विचारायला आली, आजींना रोज जमेल का.

मी आणि आई हसून लोळलो. बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते येताना एक कुलूप घेऊन आले. पितळी, जाड, पाकिटातलं.

"पुन्हा एकदा असं झालं," बाबा म्हणाले, "तर दुपारी आपण कोणी नसताना दाराला बाहेरून हे लावायचं."

"हर्षद, अरे आई आहे ती," आई म्हणाली.

"माका खुराड्यात घालतंस?" आजी आतून ओरडली. "मी काय कोंबडी?"

"आतापर्यंत लोकांच्या घरातच शिरलीस गं. उद्या गच्चीचं दार उघडं राहिलं आणि तिथे गेलीस तर? तुला काठ दिसणार आहे का?"

बाबांनी कुलूप टीव्हीच्या शेजारी ठेवलं, पाकिटासकट, आणि त्या दिवसापासून आम्ही जी काही मालिका बघायचो ती त्या कुलपासोबत बघायचो.

इथे माझी एंट्री होते.

मला नुकतंच शाळेच्या प्रदर्शनात पाणीबचतीच्या पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं होतं. त्याआधी मी वर्गात हात वर करून पाणी प्यायला जायची परवानगी मागायलाही घाबरायचे. बक्षिसानंतर मी हात वर करून बाईंच्या फळ्यावरच्या अक्षरांमधलं अंतर सुधारायला लागले. थोडक्यात, मी डिझायनर झाले होते. आणि डिझायनरला जगातला प्रत्येक प्रश्न डिझाइनचा दिसतो.

"आजी चुकत नाहीये," मी जाहीर केलं. "पाटी चुकीची आहे."

समोरच्या दारातले दशरथकाका, बेस्टमधून निवृत्त झालेले आणि आयुष्यभर लोकांना योग्य स्टॉपवर उतरवण्याची सवय असलेले, म्हणाले, "अगं, घोळ पाटीपाशी होत नाही. घोळ लिफ्टमध्ये होतो. चुकीच्या स्टॉपवर उतरलेल्या माणसाला पाटी काय करणार?"

"काका, चुकीच्या मजल्यावर उतरली तर आमची पाटी दिसणारच नाही ना? मग ती परत लिफ्टमध्ये बसेल."

"आणि परत चुकीच्या मजल्यावर उतरेल."

काही लोक जन्मतःच निगेटिव्ह असतात. मी त्यांना क्षमा केली आणि फॉन्ट शोधायला बसले.

आणि मला तो सापडला. काय सांगू तुम्हाला! त्याच्या अंगाला कुठे कोपराच नव्हता. बाकीच्या अक्षरांची टोकं कशी सुरीने कापल्यासारखी असतात, ह्याची टोकं बोटांसारखी गोल. शिरोरेषा नव्हे, तर नीट मळलेल्या कणकेची वळी. वेलांटी म्हणजे हत्तीची सोंड. काना इतका जाड की त्याला टेकून बसावं. तो मी आधीही शेकडो वेळा बघितला होता, फक्त लक्ष दिलं नव्हतं. आइस्क्रीमच्या दुकानावर तोच, डायपरच्या पुड्यावर तोच, लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यावर तोच, म्हणजे जिथे जिथे माणसाला घाबरू नकोस असं सांगायचं असतं तिथे तिथे तोच. आणि आम्हाला नेमकं तेच सांगायचं होतं. मी त्याचं नाव गुबगुबीत ठेवलं.

"धुरी" असं छापलेला मोठा कागद मी भिंतीला चिकटवला, आजीला सोफ्यावर बसवलं आणि बोट दाखवलं.

"दिसतं?"

आजी जरा वेळ बघत राहिली. मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. मग म्हणाली, "दिसता मा! केवढा थोरला! आंधळ्याक पण दिसात."

मी उडीच मारली. बाबांकडे बघून म्हटलं, "बघितलंत?" बाबांनी कुलूप उचलून टीव्हीच्या मागे ठेवलं. माझ्या आयुष्यातला हा पहिला धोरणात्मक विजय.

पाटी करायला मी स्टेशनजवळच्या यज्ञेशभाईंच्या दुकानात गेले. ते रबरी शिक्के, गाड्यांची रेडियम अक्षरं आणि नेमप्लेटी करतात. त्यांनी माझी फाइल उघडली आणि प्रेमाने विचारलं, "बेबी, प्लेग्रुप की नर्सरी?"

"घर आहे."

"घरात चालवता?"

"घरात राहतो!"

"मग एवढी जाड कशाला? अक्षरांची पोटं बघ, बुजायला आलीत. जरा बारीक कर, डिसेंट दिसेल."

मी त्यांना कॉन्ट्रास्ट, अंतर आणि वयोवृद्ध वाचक ह्या विषयावर छोटंसं भाषण दिलं. त्यांनी ते संपूर्ण ऐकलं, कारण तेवढ्यात लाइट गेले आणि मशीन बंद पडलं. शेवटी ठरलं: पिवळ्या पत्र्यावर निळी ॲक्रिलिकची अक्षरं, उठावाची. घरी आणली तेव्हा पाटी ताटाएवढी होती. आईने ती हातात घेतली आणि म्हणाली, "गंधे, हिच्यावर पुरणपोळी मावेल."

लावायचाही प्रश्नच. दाराला भोक पाडलं तर बिल्डरची वॉरंटी जाणार, असं सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोरकाका म्हणाले. म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. टेपवर पाटी टिकली रात्रभर आणि पहाटे पडली ती थेट दुधाच्या पिशव्यांवर. दुसऱ्यांदा पडली ती बाबांच्या अंगठ्यावर. बाबा विमा कंपनीत क्लेम नाकारण्याचं काम करतात. स्वतःच्या अंगठ्याचा क्लेम कोणाकडे करायचा हे त्यांना कळेना. शेवटी दशरथकाकांनी कुठलातरी जहाल वासाचा गोंद दिला. "आता दार पडेल, पाटी नाही," असं म्हणाले, आणि खरंच, ती अजून हललेली नाही.

आणि योजना यशस्वी झाली! आजी पाच वाजता लुगडं नीट करून बाहेर पडायची, सात वाजता बेल वाजवायची. एकदाही चुकली नाही. ना नववा मजला, ना सातवा. त्या अभ्यासू मुलाची आई जरा नाराज झाली, पण प्रत्येक क्रांतीत कोणाचं तरी नुकसान होतंच. मी रोज विचारायचे, "पाटी दिसली?" आणि आजी म्हणायची, "तुझी पाटी म्हणजे समई गो बाय, समई."

मग सुरू झालं नर्सरी प्रकरण. पहिली बाई आली ती चौथ्या मजल्यावर पाहुणी म्हणून आलेली. लिफ्ट चुकून अकराव्यावर थांबली, दार उघडलं, समोर पाटी. तिने परस्पर ठरवलं की धुरी मॅडमची नर्सरी. दुपारी घरात आजी एकटी. आजीने दार उघडलं, मुलाला आत घेतलं, लाडू दिला, मांडीवर बसवून कावळ्या-चिमण्यांचं काहीतरी सांगितलं. बाई खूश! तिने ही बातमी आपल्या ग्रुपवर टाकली: छोटी बॅच, घरगुती वातावरण, मराठी संस्कार. मग काय विचारता. आई ऑफिसातून आली की दाराबाहेर पालक. एका कंपनीचा माणूस डायपरची सॅम्पलं देऊन गेला. ती अजून आमच्या कपाटात आहेत आणि आजी अधूनमधून त्यांनी आरसा पुसते.

नंदकिशोरकाकांची नोटीस आली. विषय: 'आपल्या दारावरील पाटीचे उल्लसित स्वरूप व त्यायोगे निवासी जागेत व्यवसाय चालत असल्याचा होणारा समज.'

बाबांना सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं. मीही गेले, कारण डिझायनरने आपल्या कामाच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे.

"उल्लसित म्हणजे नक्की काय हो?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे असं आहे हर्षदराव, की तुमची पाटी हसते."

"पाटीने हसू नये असं कुठल्या नियमात आहे?"

"हसण्याचं नाही, एकसारखेपणाचं आहे. उद्या कोणी रडणारी लावेल."

"काका," मी म्हटलं, "तुमची स्वतःची पाटी तुम्हाला वाचता येते का?"

"मला वाचायची गरज काय? मला माझं नाव माहितीये."

बाबांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. काचेतून मला दिसत होतं: बाबा, जे दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज फेटाळतात, ते हात जोडून काहीतरी समजावत होते. मध्येच त्यांनी डोळ्यांकडे बोट नेलं. नंदकिशोरकाकांनी मान खाली घातली. पाटीला तात्पुरती परवानगी मिळाली. येताना लिफ्टमध्ये बाबा म्हणाले, "आईचं असं सगळ्यांना सांगावं लागतं बघ." एवढंच. माझ्याकडे ह्यावर कुठलाच फॉन्ट नव्हता.

त्याच सुमारास धोंडिराम आजोबा गेले. जुन्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्याला राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला "काय, आज लवकर?" असं विचारायचे, कितीही उशीर झालेला असला तरी. टॉवरमध्ये त्यांना चौदावा मजला मिळाला. तिथून येणारं-जाणारं कोणी दिसत नाही. ते दारात खुर्ची टाकून बसायचे आणि समोरच्या बंद लिफ्टकडे बघायचे.

सकाळी नंदकिशोरकाका आमच्या दारात. केस विंचरलेले नाहीत. "गंधाली, लिफ्टमध्ये लावायला एक नोटीस करून दे. मोठ्या अक्षरात. चार वाजता नेणार आहेत. मागच्या वेळी बारीक लावली होती, आपल्या अर्ध्या म्हाताऱ्यांना तेराव्यानंतर कळलं."

मी केली. घाई होती, म्हणून ज्या फॉन्टवर विश्वास होता त्यातच केली. छापून लिफ्टमध्ये लावल्यावर मी दोन पावलं मागे सरले आणि तेव्हा कुठे ती नीट बघितली. 'दुःखद निधन'. प्रत्येक अक्षर गुटगुटीत, गालाला हात लावावा असं. दुःखामधली ती दोन टिंबं म्हणजे दोन टम्म फुगे. खाली 'चार वाजता' असं लिहिलेलं, जणू केक कापणार आहेत.

काढायला धावले तर लिफ्ट खाली गेलेली. ती परत आली तेव्हा आत धोंडिराम आजोबांचा मुलगा उभा होता, राजेशकाका, बेंगळुरूहून रात्रभर प्रवास करून आलेला, हातात बॅग. तो कागदाकडे बघत होता.

"हे कोणी केलं?"

"मी."

"माझ्या बाबांचा वाढदिवस आहे का आज?"

मला जमीन गिळून टाकेल तर बरं असं वाटलं, पण अकराव्या मजल्यावर जमीन नसते, खालच्यांचं छत असतं. मी रडत घरी आले आणि जाहीर केलं की मी ह्यापुढे फक्त गणित करणार.

आणि चार वाजता ती सगळी आली. जुन्या बिल्डिंगचे सगळे म्हातारे. एकेक लिफ्ट भरून, काठ्या टेकत, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. टॉवरमध्ये आल्यापासून ते कधी एका जागी दिसलेच नव्हते. जयंतीबाई मला म्हणाल्या, "चष्मा घरी राहिला होता गं. तरी वाचलं. लिफ्टचं दार उघडलं आणि काळजात चर्र झालं." राजेशकाका एका कोपऱ्यात उभा राहून ती गर्दी बघत होता. नंदकिशोरकाका त्याला हळूच म्हणाले, "तो कागद काढून टाकू का?" तो म्हणाला, "असू दे."

आई आजीला हाताला धरून घेऊन आली होती. लिफ्टमध्ये कागद अगदी आजीच्या नाकासमोर होता. वर पोचल्यावर तिने आईला विचारलं, "कोण गेलो म्हणालंस?" मला वाटलं, धक्का बसलाय बिचारीला.

पुढच्या सर्वसाधारण सभेत जयवंतकाकांनी ठराव मांडला की सोसायटीतल्या सगळ्या पाट्या गुबगुबीत कराव्यात. ते जुन्या बिल्डिंगमधले, आता दुसऱ्या मजल्यावर असतात आणि त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तीनदा पुढे ढकललं गेलंय. नंदकिशोरकाकांनी लगेच अनुमोदन दिलं, कारण सगळ्यांच्या केल्या की एकसारखेपणाचा प्रश्न मिटतो. मग तो निळा कुठला निळा ह्यावर दोन तास. मग नाव मराठीत की इंग्रजीत ह्यावर हाणामारीची वेळ. मग एकाने विचारलं, वास्तूनुसार अक्षराची पोटं बंद असणं चांगलं की उघडी. मला समोर बोलावलं. मला! नववी ब! मी पोटं उघडी असणं शुभ असल्याचं ठामपणे सांगितलं आणि ते मिनिट्समध्ये आलं.

दशरथकाका मागून म्हणाले, "अगं, सगळ्यांच्या सारख्या झाल्या तर तुझी आजी तुमचं दार ओळखणार कशी?"

"नावं वेगवेगळी आहेत ना काका!" मी म्हटलं. लोक हसले. दशरथकाका हसले नाहीत.

यज्ञेशभाईंनी पाट्या पिशव्या भरभरून दिल्या आणि मी शाळेतून आल्यावर एकेका मजल्यावर त्या वाटत सुटले. पूर्ण टॉवर पिवळा-निळा झाला. प्रत्येक मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की गुबगुबीत अक्षरं. मला वाटायचं, हे सगळं मी केलंय.

अशाच एका संध्याकाळी, माझ्या क्लासला सुट्टी होती तेव्हा, लिफ्ट बंद पडली. माझ्या हातात बाराव्या मजल्याच्या पाट्यांची पिशवी होती. मी जिन्याने निघाले. तो जिना कोणी वापरत नाही. आग लागली तर पळायचा जिना तो, जड लोखंडी दारामागे. अकराव्यावर पोचले तेव्हा जिन्याच्या वळणावर, खिडकीखाली, रंगाच्या उपड्या डब्यावर कोणीतरी बसलं होतं.

आजी होती. लुगडं नीट केलेलं. केसात अबोलीचं फूल.

"आजी! तू पोडियमवर गेली नाहीस?"

ती दचकली. मग आवाजाच्या दिशेने, माझ्या जरा बाजूला बघत म्हणाली, "गंधाली? आज लवकर इलंस?"

"लिफ्ट बंद आहे. तू इथे काय करतेस?"

"बसलंय."

"कधीपासून?"

"पाचांपासून."

"तसं नाही. म्हणजे, किती दिवस?"

मी पिशवी खाली ठेवली. पाट्या एकमेकींवर आपटल्या आणि तो आवाज जिन्यात खूप खाली गेला.

"तुझी पाटी लागली तेवापासून," ती म्हणाली. "दारातसून भिंतीक हात लावून येतंय. हयसर वारो येता. सात वाजले की खालच्या देवळात घंटा होता, मगे उठतंय."

"पण पाटी तर दिसते ना तुला? तू म्हणालीस!"

"बोट दाखवलंस तू. तुझा तोंड केवढा फुललेला असात, ता आवाजात कळला माका." ती हसली. "मधी बघलंय की सगळा जाता गो. कागद व्हतो की भिंत व्हती, देवाक ठाऊक. लिफ्टीत बटणा दिसनत नाय. खालती गेलंय आणि परत खयतरी शिरलंय, तर तो कुलूप लावतलो. हयसर बसलंय तर चुकूचा कसा?"

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. मनात एवढंच येत होतं की सभेत लोक हसले तेव्हा ही घरी होती, आणि त्याआधी दोन तास इथे होती.

"उद्यापासून मी संध्याकाळचा क्लास बुडवते," शेवटी मी म्हटलं. "आपण दोघी खाली जाऊ. मी हात धरते."

"हात धरून? जयंतीच्या समोर?" आजी एकदम ताठ झाली. "ती म्हणात, ही रत्नप्रभा गेली कामातून. नको. आणि बापाशीक सांगू नको. सांगशीत तर बघ."

"जयंतीबाई विचारत नाहीत, तू का येत नाहीस?"

"फोन करता. मी सांगतंय, नातीक शिकवतंय म्हणान. काय शिकवतंय, ता अजून ठरला नाय."

त्या रात्री जेवताना बाबा फार खुशीत होते. नंदकिशोरकाकांनी त्यांना गेटवर थांबवून माझं कौतुक केलं होतं. बाबांनी टीव्हीच्या मागून कुलूप काढलं, पाकीट झटकलं आणि आईला म्हणाले, "हे परत घेतात का बघतो. पोरीने प्रश्न सोडवला." माझ्या पाठीवर थाप मारली. बाबा सहसा थाप मारत नाहीत.

"आज काय म्हणाल्या जयंतीबाई?" त्यांनी आजीला विचारलं.

आजी भात कालवत राहिली. कालवतच राहिली.

"त्यांची सून माहेरी गेलीये," मीच म्हटलं. "रागावून."

"कित्याक, ता विचारू नको," आजी लगेच म्हणाली.

आईने माझ्याकडे बघितलं. मग तिने आजीच्या ताटात आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला गेले नाही. पाच वाजता लोखंडी दार ढकललं. आजी डब्यावर होतीच. मी खिडकीच्या कठड्यावर कोपरं टेकली आणि बाहेर डोकं काढलं.

"काय करतंस गो? पडशीत."

"खाली बघते. तुला सांगते कोण कोण आलंय. म्हणजे रात्री बाबांनी विचारलं तर खरंखुरं सांगता येईल."

आजी जरा विचार करून पुढे सरकली. "जयंती इली?"

अकराव्या मजल्यावरून पोडियम म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढा हिरवा तुकडा असतो. त्यावर काही ठिपके. एक ठिपका बाकावर होता की बाकाशेजारच्या कुंडीत, तेही मला कळत नव्हतं.

"आल्यात," मी म्हटलं.

"लुगडा कसला?"

"जांभळं. काठाचं."

"बाजूक कोण?"

"कोणी नाही. बाजूची जागा रिकामी ठेवलीये त्यांनी. पिशवी ठेवलीये तिथे, कोणी बसू नये म्हणून."

आजीने पदर सारखा केला. "तुका दिसता एवढा?"

"दिसतंय ना," मी म्हटलं. "अगदी स्पष्ट."